थार बुक करताय? ‘फोर बाय फोर’साठी जादा पैसे मोजण्याआधी हे वाचा

पुणे : महिंद्रा थार २०२३ पासून ‘फोर बाय फोर’सोबतच फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त प्रकारातही मिळते. मग जादा पैसे कोणी मोजावेत?

गरज कोणाला? सिंहगड, ताम्हिणीचा रस्ता पक्का आहे; तिथे स्वस्त प्रकार पुरतो. मावळ-मुळशीत भर पावसात चिखलाच्या वाटेने शेतावर नेहमी जाणाऱ्यांना मात्र चारही चाकांची ताकद आणि ‘लो रेंज’ गिअर उपयोगी पडतात. त्यामुळे घाटात ब्रेक लवकर लागतो, हा गैरसमज आहे.

नंतर बसवता येईल? दणकट टायर नंतरही घेता येतात. ट्रान्सफर केस आणि पुढचा डिफरन्शियल बाहेरून बसवणे व्यवहार्य नाही. त्यामुळे निर्णय बुकिंग करतानाच घ्यावा लागतो.