अलिबागला बंगला बुक केलाय? मग जेवणाचं आधी ठरवा

वीकेंडला अलिबागला बंगला घेताना आपण काय विचारतो? पूल आहे का, समुद्र किती लांब, एसी चालतो का. जेवायचं काय, हा प्रश्न शुक्रवारी रात्री साडेनऊला नागावच्या वळणावर आठवतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊ जण असेच पोहोचलो. केअरटेकर काका शांतपणे म्हणाले, "जेवण सकाळी सांगायला हवं होतं." डिलिव्हरी ॲपवर एकही हॉटेल दिसेना. रात्र मॅगी आणि गाडीतल्या वेफर्सवर काढली.

सकाळीच का सांगायचं?

नागाव, आक्षी, वरसोली, किहीमला चांगलं जेवण मिळतं ते बहुतेक घरगुती खानावळीत. तिथे मासे सकाळी बाजारातून माणसं मोजून आणले जातात. आयत्या वेळी दहा थाळ्या मागितल्या, तर उरलेलं मिळणार किंवा नकार. ऑर्डर देताना थाळीत मासा कोणता आणि दर किती, दोन्ही विचारून घ्या. पापलेट-सुरमईचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. बिल आल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

शाकाहारी मंडळींनी तर दोन दिवस आधी फोन करावा. वालाचं बिरडं हवं असेल तर वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलावा लागतो. हे काम तासाभरात होत नाही. नाहीतर ताटात पनीर येतं, आणि त्यासाठी अलिबागला जायची गरज नाही.

किराणा कुठे घ्यायचा?

तुम्ही कुठून येताय, यावर ते ठरतं. पेण-वडखळमार्गे नागाव किंवा रेवदंड्याला जात असाल तर अलिबाग शहर वाटेतच लागतं. भाजी, दूध, अंडी, पाव तिथेच भरून घ्या. बोटीने मांडव्याला उतरून किहीम-आवासकडे जाणाऱ्यांना मात्र शहर लागतच नाही. त्यांच्यासाठी चोंढीचा बाजार सोयीचा. मॅपवर 'दहा मिनिटं' दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. शनिवारी संध्याकाळी त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग असते, आणि दुपारी जेवणाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात. थोडी रोकड ठेवा. कोळणीकडेही आता क्यूआर कोड असतो, पण रेंज असेलच असं नाही.

स्वतः मासे रांधणार असाल तर बाजार सकाळीच गाठा. कल्ले लाल, डोळे चमकदार आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर यायला हवं. साफ करून घेण्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात 'ताजं पापलेट' म्हणून समोर आलेलं बर्फातलं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा सुकट किंवा सुके बोंबील मागा, जास्त समाधान मिळेल.

बंगल्याच्या मालकाला मात्र चार गोष्टी बुकिंगआधीच विचारा: गॅस वापरायला मिळतो का, त्याचे पैसे वेगळे आहेत का, मांसाहार चालतो का आणि पिण्याच्या पाण्याचा जार मिळेल का. 'किचन आहे' याचा अर्थ काही ठिकाणी फक्त फ्रिज आणि चहाची किटली एवढाच असतो.

थंडीत गेलात तर पोपटी सांगा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, हवं तर चिकन, आणि बाहेरून जाळ. पाण्याचा थेंबही नाही. शेंगा आणि पाला आणावा लागतो, म्हणून हेही आदल्या दिवशी.

परतताना पांढरा कांदा घ्यायचा असेल तर उन्हाळ्याचा हंगाम गाठा. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तो कार्ले, खंडाळे भागात भातकापणीनंतर लावतात. भर पावसाळ्यात रस्त्यावर कुणी 'ताजा अलिबागचा' म्हणून विकत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा. माळ घरी नेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, हवेशीर जागी टांगून ठेवा.