चित्रावरचा हात

सप्टेंबर २०१२मध्ये इंग्लंडमधल्या शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने आपला एक शेरा बदलला. तोवर ज्यांना ‘समाधानकारक’ म्हटलं जाई, त्या शाळा यापुढे ‘सुधारणा आवश्यक’ ठरणार होत्या. माझी मुलं ज्या कॅथलिक प्राथमिक शाळेत जात, तिला पुढच्याच तपासणीत हा नवा शेरा मिळाला. धर्मग्रामात मोठी नाराजी पसरली. रविवारच्या मिस्सानंतर चहा घेताना एकच विषय: आपली मुलं किती शिस्तीची, प्रार्थना किती मनापासून म्हणतात, हे तपासनीसांना दिसलंच नाही का? दिसलं होतं, अहवालात तसं लिहिलंही होतं. पण सात वर्षांच्या बऱ्याच मुलांना एक पान सलग वाचता येत नव्हतं आणि शाळेबद्दलच्या आमच्या प्रेमापोटी आम्ही त्याकडे काणाडोळा करत आलो होतो. वसईत मिशनच्या शाळेत शिकलेल्या मला हे प्रेम चांगलं ओळखीचं आहे. ते शाळा उभी करतं, पण तिच्यातले दोष झाकूनही ठेवतं.

पुढे पालकांच्या वतीने मी शाळेचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर गव्हर्नर झाले, त्यामुळे नंतरची वर्षं जवळून पाहता आली.

घसरणीचं मोठं कारण होतं नेतृत्व. कॅथलिक शाळेचा मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षणाचा प्रमुख हे धर्माचरण करणारे कॅथलिकच हवेत, असा बिशपांचा दंडक आहे. तो मला योग्य वाटतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते. जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, पुन्हा पुन्हा जाहिरात देऊनही लायक उमेदवार मिळेना आणि कारभार हंगामी माणसांवर चालू राहिला. नेमकी त्याच काळात वर्गातली मुलं बदलत होती. २००४नंतर पोलिश कुटुंबं आली, केरळच्या नर्सेसची मुलं आली, पोर्तुगीज पासपोर्टवर गोंयकार आले. स्विंडनसारख्या गावात तर गोव्याच्या लोकांची मोठी वस्तीच झाली. चर्च भरलं, शाळाही भरली. भरलेली शाळा म्हणजे चांगली शाळा, असा सगळ्यांचा समज. घरी कोंकणी बोलणारं मूल वर्षाच्या मध्येच दाखल झालं, की त्याला मागच्या टेबलावर रंगवायला चित्र दिलं जाई.

शेवटी डायोसिसने, म्हणजे धर्मप्रांताने, शेजारच्या कॅथलिक शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे आमचीही शाळा सोपवली. पहिल्या सत्रात बाईंनी एकही नवं धोरण लिहिलं नाही. रोज सकाळी त्या कुठल्यातरी वर्गात जाऊन बसत आणि मुलांना जवळ घेऊन वाचायला लावत.

२०१२पासूनच पहिलीच्या मुलांसाठी सरकारने फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचण्याची, चाचणी सुरू केली होती: ४० शब्द, त्यातले २० निरर्थक, म्हणजे पाठांतरावर निभावून नेता येत नाही. पहिल्या वर्षी देशभरात ५८ टक्के मुलं तिच्यात उत्तीर्ण झाली, २०१९मध्ये ८२ टक्के. आमच्या शाळेत मात्र प्रत्येक शिक्षिकेची पद्धत निराळी होती. बाईंनी एकच पद्धत ठरवली आणि तिच्या प्रशिक्षणाला टीचिंग असिस्टंटपासून स्वतःपर्यंत सगळ्यांना बसवलं.

एकदा मी वर्गात असताना एक गोव्याचा मुलगा त्यांच्यासमोर वाचत होता. पुस्तकात ‘पोनी’ हा शब्द होता. त्याने चित्राकडे पाहिलं आणि ठणकावून म्हटलं, ‘हॉर्स’. पूर्वी यावर शाबासकी मिळाली असती, कारण अर्थ तर जुळत होता. बाईंनी चित्रावर हात ठेवला आणि पहिल्या अक्षराखाली बोट धरलं. मुलगा गप्प झाला, ओठ हलवत राहिला. मग त्याला शिकवून झालेल्या अक्षरांचंच एक पुस्तक त्यांनी दप्तरातून काढून दिलं. ते त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि न सांगता पुन्हा पहिल्या पानावर गेला. त्या आठवड्यात वर्गातली निम्मी पुस्तकं कपाटात गेली, कारण ती मुलांना वाचताच येण्याजोगी नव्हती.

दुसरा बदल वह्यांचा. तपासनीसांना दिसावं म्हणून शिक्षिका हिरव्या-गुलाबी पेनांनी रात्री उशिरापर्यंत पानभर शेरे लिहीत, आणि जी मुलं अजून वाचायला शिकत होती, त्यांच्याच वहीत ते शेरे असत! २०१६मध्ये सरकारनेच नेमलेल्या गटाने हे ओझं कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा बाईंनी ते तत्काळ थांबवलं. वाचलेला वेळ उद्याचा धडा एकत्र बसून आखण्यात जाऊ लागला.

सगळ्यात जास्त वाद झाला तो धर्मशिक्षणाच्या वह्यांवरून. कॅथलिक शाळेत शिकवण्याचा दहावा हिस्सा वेळ धर्मशिक्षणाला द्यावा लागतो. तो थोडा कमी करून इंग्रजीला द्यावा, असं काही गव्हर्नरांचं म्हणणं होतं. बाईंनी दोन वह्या टेबलावर ठेवल्या, एकाच मुलीच्या. इंग्रजीच्या वहीत परिच्छेद, धर्मशिक्षणाच्या वहीत रंगवलेला मेंढपाळ आणि खाली एक ओळ. वेळ कमी पडत नाही, आपली अपेक्षाच कमी आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचा राग बरोबर की चूक, यावरही मुलांना सकारण लिहावं लागलं. फादरांनाही हे आवडलं, आणि आमच्या मंडळात त्यानंतर वेळ कापण्याची गोष्ट निघाली नाही.

ऑफस्टेडच्या २०१९च्या नव्या तपासणी-चौकटीत इतिहास-भूगोलाचीही बारकाईने विचारपूस होऊ लागली. तोवर विषयप्रमुख नावापुरते होते. बाईंनी त्यांना एकमेकांच्या वर्गात जायला तासिका मोकळ्या करून दिल्या. मग कोविड आला. त्यातून सावरून शाळा ‘चांगली’ ठरली. त्या दिवशी स्टाफरूममध्ये केक कापला गेला.

पण या शेऱ्यांचं भय किती जीवघेणं असतं, तेही याच काळात उघड झालं. रेडिंगमधल्या कॅव्हरशॅम प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी जानेवारी २०२३मध्ये जीवन संपवलं. त्यात तपासणीचा वाटा होता, असा निर्णय त्या डिसेंबरात मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने दिला. सप्टेंबर २०२४पासून सरकारी निधीवरच्या शाळांना एका शब्दात तोलणं बंद झालं. हे फार आधी व्हायला हवं होतं. आमची शाळा सुधारली ती बाईंच्या रोजच्या वर्गात बसण्याने. शेऱ्याने फक्त आमची झोप मोडली, आणि त्यासाठी एवढी दहशत लागत नाही.

आता संकट वेगळं आहे. देशात जन्मदर घसरलाय, पटसंख्या कमी होतेय, आणि निधी मुलांच्या संख्येवर मिळतो. अंदाजपत्रकाच्या बैठकीत पहिली कात्री सुचवली जाते ती टीचिंग असिस्टंटवर, म्हणजे कॉरिडॉरच्या कोपऱ्यात चार-चार मुलं घेऊन अक्षरं घटवून घेणाऱ्या बायांवर. छपराची दुरुस्ती पुढे ढकलावी, हवं तर दोन वर्ग एकत्र करावेत, पण त्यांना हात लावू नये, असं मी मंडळाला लेखी कळवलं आहे.