नळाच्या पाण्याचं वय

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबा आमच्याकडे अल्बुकर्कीला आले होते. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस. कुठेही गेले की आधी नदी बघणार. रिओ ग्रांदेच्या पुलावर उभे राहून ते म्हणाले, "अरे, हा तर आपल्याकडचा ओढा झाला! साडेपाच लाखांचं गाव पितं तरी काय?"

प्रश्न बरोबर होता. विसाव्या शतकात हे शहर फक्त विहिरींचं पाणी प्यायलं. नदीने लाखो वर्षं आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या जाड थरांत हे पाणी आहे. शहराखाली जणू लेक सुपीरियरएवढा साठा आहे आणि उपसलेलं पाणी नदी भरून काढते, अशी समजूत होती. १९९३ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ती मोडीत काढली. भरपूर पाणी देणारा थर वाटला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला. शहराच्या पूर्व भागात तर पाण्याची पातळी काही ठिकाणी १०० फुटांहून अधिक खाली गेली.

मग खरा प्रश्न आला: जमिनीखालचं पाणी मुरलं कधी? नदी ते खरंच भरून काढत असेल, तर पाणी 'तरुण' असायला हवं. पण पाण्याला जन्मदाखला नसतो. तो शोधावा लागतो समस्थानिकांत, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंत.

पहिला साक्षीदार ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. दर १२.३ वर्षांनी तो निम्मा होतो. जगातला पहिला अणुबॉम्ब याच न्यू मेक्सिकोत १९४५ साली फुटला, पण पावसातलं ट्रिटियम वाढवलं ते १९५२ नंतरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी. १९६३ च्या सुमारास ते शिगेला पोचलं. त्यामुळे विहिरीच्या पाण्यात ट्रिटियम सापडलं, तर त्यातलं काही पाणी तरी गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं. अजिबात नसेल, तर ते त्याआधीचं.

त्याहून जुन्यासाठी कार्बन-१४. त्याला निम्मं व्हायला ५७३० वर्षं लागतात. पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन सोबत घेतं आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. वाटेत चुनखडक विरघळला तर त्यातला 'मेलेला' कार्बन मिसळून पाणी आहे त्यापेक्षा म्हातारं दिसतं, म्हणून हिशेबात दुरुस्ती करावी लागते.

तिसरा साक्षीदार वय नाही, गाव सांगतो. उंच, थंड डोंगरांवरच्या बर्फात जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन कमी असतात. रिओ ग्रांदेचं पाणी येतं कोलोरॅडोच्या अशा डोंगरांतून. त्यामुळे नदीतून मुरलेलं पाणी आणि शेजारच्या सांदिया डोंगरावरच्या पावसाचं पाणी वेगळं ओळखता येतं.

या सगळ्यांची साक्ष काढली तेव्हा दिसलं, की नदीकाठच्या उथळ विहिरींत ट्रिटियम आहे. म्हणजे तिथे नवं पाणी येतं आणि त्यासोबत वरची घाणही उतरू शकते. शहराखालचं खोल पाणीही बरंचसं नदीचंच, पण हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं. खोऱ्यात काही ठिकाणी तर ३०,००० वर्षांहून जुनं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपली विहीर बरी की रे. चैत्रात तळ दिसतो, पण मृग बरसला की भरते." खरं आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. साठा थोडा, बहुतेक अलीकडच्या पावसाचा. विहीर आटली की माणसाला लगेच कळतं. इथे पन्नास वर्षं उपसा झाला, तरी नळाची धार बारीक झाली नाही. धोका होता तो यातच.

"म्हणजे तुम्ही व्याजावर नाही, मुद्दल मोडून जगत होतात," बाबांनी हिशेब मिटवला.

शहरानेही तेच ओळखलं. २००८ च्या अखेरीस नदीचं पाणी शुद्ध करून पुरवायला सुरुवात झाली. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून डोंगरापलीकडे आणून रिओ ग्रांदेत सोडतात, ते हे पाणी. विहिरींवरचा भार कमी झाला आणि पातळी वर येऊ लागली. पण २०२२ च्या जुलैत शहरातच नदीचं पात्र कोरडं पडलं, सुमारे चाळीस वर्षांत पहिल्यांदा. अशा दिवसांत पुन्हा त्या जुन्या पाण्यालाच हात घालावा लागतो.

परत जायच्या आदल्या दिवशी बाबा बेसिनपाशी दाढी करत होते. गालाला फेस लावून झाल्यावर त्यांनी नळ बंद केला आणि वस्तरा धुवायला पेलाभर पाणी भरून घेतलं. नातवाने विचारलं, "आजोबा, नळ का बंद केलात?"

"अरे, हे पाणी माझ्यापेक्षा मोठं आहे," ते म्हणाले. "मोठ्यांना असं ताटकळत उभं ठेवू नये."