दोन हजार टन, भरतीच्या वेळेवर

पणजीत मांडवीकाठी उभं राहिलं की खनिजाने भरलेली बार्ज पुढे सरकतेय की नुसती तरंगतेय, हेच आधी कळत नाही. काठावरचा सायकलवालाही तिला सहज मागे टाकेल. पण तिच्या पोटात दीड-दोन हजार टन लोहखनिज असतं. दहा टनी टिप्पर लावले तर दोनशे लागतील.

एवढं ओझं इंजिन पेलत नाहीच, ते नदी पेलते. इंजिनाने फक्त वाटेतलं पाणी बाजूला सारायचं. त्यातही वेग दुप्पट हवा तर ढोबळ मानाने आठपट ताकद लागते. म्हणून ज्याला घाई नाही तो माल, खनिज, कोळसा, वाळू, पाण्याने स्वस्तात जातो.

अडतं ते खोलीपाशी. 70 मीटर लांब, 12 मीटर रुंद, सपाट तळाची बार्ज धरा. पाणी फक्त 10 सेंटिमीटरने कमी पडलं, तरी सुमारे 84 टन खनिज धक्क्यावरच ठेवावं लागेल. आठ टिप्पर! त्यामुळे आमोण्याच्या धक्क्यावरून कधी सुटायचं हे घड्याळापेक्षा भरती ठरवते, आणि ती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. गंमत अशी की तीन मीटर बुडालेली बार्ज गोड्या पाण्यातून खाऱ्यात शिरली की आपसूक सातेक सेंटिमीटर वर उचलली जाते, कारण समुद्राचं पाणी अडीच टक्के जड.

पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी, आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागतात. मग बार्ज आडवाटेने जातात: सुमारे 17 किलोमीटरच्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगाव बंदराकडे. 2016च्या कायद्याने देशातल्या 111 राष्ट्रीय जलमार्गांत या तिघांनाही क्रमांक मिळाले. कालवा 27, मांडवी 68 आणि यादीच्या अगदी शेवटी जुवारी.

मग सिमेंटची पोती, धान्य, फ्रीज नदीने का जात नाहीत? चढ-उतारामुळे. ट्रकमधून बार्जमध्ये, बार्जमधून पुन्हा ट्रकमध्ये. छोट्या अंतरात वाचलेलं डिझेल या हमालीतच जातं. खनिजाचं नशीब असं की खाणी नदीपासून जवळ आणि जहाज नदीच्या तोंडाशी. पण सगळा डोलारा त्या एकाच मालावर. 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं, तेव्हा भरती वेळेवर येत राहिली आणि बार्ज नांगरून पडल्या.