अडतीस मिनिटं कुठे गेली?

आज टाइम ट्रायलच्या सायकलींवर लिहायचं कबूल केलं होतं, पण त्या एक आठवडा थांबतील. जिरो, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची सायकल शर्यत; तिच्यात २०१८ साली क्रिस फ्रूमने मारलेल्या ८० किलोमीटरच्या एकट्याच्या मुसंडीबद्दल वाचून नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय: फ्रूमचं कळलं, पण सायमन येट्सचं काय झालं? तेरा दिवस एकूण आघाडीची गुलाबी जर्सी अंगावर असलेला माणूस एका दिवसात ३८ मिनिटं ५१ सेकंद मागे पडतोच कसा? एवढा फरक तर येट्समध्ये आणि माझ्यात पडावा, असंही त्यांनी पुढे लिहिलंय. (नाही हो काका, आपण त्या दिवशीच्या फिनेस्त्रेच्या चढाच्या अर्ध्यावर सायकल हातात धरून चालत असू.)

आकडा खरा आहे. पण येट्स त्या दिवशी किती कोसळला, हे तो आकडा सांगत नाही.

२०१८च्या जिरोत येट्सची अडचण पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. सोळाव्या टप्प्याला रोव्हेरेतोची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायची शर्यत, आणि समोर टॉम डुमुलँ, म्हणजे त्या प्रकारातला तेव्हाचा जगज्जेता. तिथे मार बसणार हे नक्की होतं. त्यामुळे त्याआधी जिथे मिळेल तिथे सेकंद ओरबाडायचे, एवढाच मार्ग होता. ग्रान सासोला जिंकला, ओसिमोला जिंकला, साप्पादाला तर एकटाच पुढे निघून जिंकला. आघाडी झाली २ मिनिटं ११ सेकंद. रोव्हेरेतोत त्यातलं सव्वा मिनिट गेलं, उरले ५६ सेकंद. हिशेब चोख होता. फक्त तो जमवताना पायांतलं सगळं खर्ची पडलं होतं. प्रातो नेवोसोच्या चढावर शेवटी डुमुलँ आणि फ्रूम निघाले तेव्हा येट्सला त्यांच्या चाकाला चिकटता आलं नाही. ५६चे २८ झाले. ज्यांना बघायची सवय आहे त्यांनी त्याच संध्याकाळी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी, २५ मे रोजी, फिनेस्त्रे. साडेअठरा किलोमीटरचा चढ, सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त, आणि वरचे साधारण आठ किलोमीटर डांबर नाही, नुसती खडी-माती. फ्रूमने येट्सला मोडलं असं सगळीकडे म्हटलं जातं, ते मला पटत नाही. फ्रूम खडीवर एकटा सुटला, त्याच्या बऱ्याच आधी, खालच्या डांबरी वळणांवरच, फ्रूमच्या टीमने लावलेल्या वेगाने येट्स गळाला होता.

आता मुद्द्याचं. माथ्यावर पोचेपर्यंत जर्सी गेली आहे हे कळलं की पुढे काय करायचं? जीव काढून दहाव्या नंबरासाठी झगडायचं, की सोडून द्यायचं? येट्सने सोडलं. मागून ग्रुपेत्तो, म्हणजे मागे पडलेल्यांचा गट, येत असतो. त्यात स्प्रिंटर असतात, दमलेले मदतनीस असतात, आणि त्यांचं एकच काम असतं: विजेत्याच्या वेळेवर ठरलेल्या टक्केवारीत टप्प्याचा शेवट, बार्दोनेक्किया, गाठायचं, म्हणजे बाद होत नाही. त्यापेक्षा एक मिनिट लवकर पोचून कोणाला काही मिळत नाही. त्यामुळे ३८ मिनिटांतली पहिली काही मिनिटं थकव्याची आणि उरलेली सगळी जाणूनबुजून सोडलेली. टीमनेही लगेच रोख बदलला. दुसऱ्या दिवशी चेर्विनियाला येट्सचाच मदतनीस मिकेल निएवे पळाला आणि आपल्या ३४व्या वाढदिवशी टप्पा जिंकून गेला.

या चेर्विनियाच्या टप्प्यावर तिबो पिनोही असाच ढिगाने मिनिटं मागे पोचला. तो सकाळी एकूण तिसरा होता. त्याला न्यूमोनिया निघाला, रात्री रुग्णालयात गेला. निकालाच्या कागदावर दोघांचं दुखणं सारखंच दिसतं. म्हणून वीस मिनिटांच्या पुढचा फरक दिसला की मी आकडा सोडून माणूस कोणाबरोबर आला ते आधी बघतो.

येट्स त्याच सप्टेंबरात स्पेनची व्हुएल्टा जिंकला, एनरिक मासच्या १ मिनिट ४६ सेकंद पुढे. टप्पा एकच जिंकला. सेकंद आता कंजुषाने खर्चावेत तसे खर्चले होते.

आणि फिनेस्त्रे पुन्हा आलाच. ३१ मे २०२५, जिरोचा विसावा टप्पा. गुलाबी जर्सी एकवीस वर्षांच्या इसाक देल तोरोच्या अंगावर, दुसरा कारापास ४३ सेकंद मागे, येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. येट्स चढावर निघून गेला. पुढे सुटलेल्या गटात त्याचा सहकारी वाऊट फान आर्ट होता, तो थांबला आणि उतारानंतरच्या दरीत, जिथे एकट्याचा वारा खाऊन जीव जातो, तिथे त्याने येट्सला ओढत नेलं. मागे देल तोरो आणि कारापास एकमेकांकडे बघत बसले. येट्स ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिरो जिंकला, या खेपेला एकही टप्पा न जिंकता.

त्या बघत बसण्याबद्दल मेक्सिकन पोराची, देल तोरोची, बाजू घेणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. कारापासने पाठलाग केला असता तर फार तर आपला दुसरा नंबर राखला असता, आणि देल तोरो त्याच्या मागे बसून ताजातवाना राहिला असता. जर्सी ज्याच्या अंगावर, ओढायचं त्यानेच. यावर पत्रं येणार हे माहीत आहे. येऊ देत, टाइम ट्रायल फार तर आणखी एक आठवडा पुढे जाईल.