आभार मानण्याचे आरोग्यशास्त्र

शाळेतला कोणताही समारंभ आठवा. पाहुण्यांचे भाषण संपते, अध्यक्षांचा समारोप होतो आणि 'आता आभारप्रदर्शन' हे शब्द कानांवर पडताच मागच्या रांगेतली मुले चपला शोधू लागतात. आभार मानणे हा आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी मात्र याच गोष्टीला प्रयोगाची कसोटी लावली आहे. कृतज्ञता हा सद्गुण आहे, हे कोणीही मान्य करील. पण तिने माणसाची मनःस्थिती, झोप आणि प्रकृती यांत मोजता येईल इतका फरक पडतो का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर मोजूनच शोधावे लागते.

आधी काय, नंतर काय?

समजा, आपण काही माणसांची पाहणी केली आणि कृतज्ञ माणसे इतरांपेक्षा निरोगी आहेत असे आढळले. यावरून कृतज्ञतेमुळे आरोग्य लाभते असे म्हणता येईल का? येणार नाही. ज्याची प्रकृती धडधाकट, घरात दोन पैसे शिल्लक, त्याला कृतज्ञ वाटणे सोपेच असते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे आपण मुलांना शिकवतो; स्वतःही विसरता कामा नये.

यावर उपाय एकच. चिठ्ठ्या टाकून माणसांचे गट पाडायचे, एका गटाला कृतज्ञतेचा सराव द्यायचा, दुसऱ्याला वेगळे काम द्यायचे आणि मग तुलना करायची. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच केले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, तर तिसऱ्याने नुसत्याच घडलेल्या घटना. असे दहा आठवडे चालले. कृतज्ञता लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य एकंदरीत अधिक समाधानकारक वाटले, त्यांच्या शारीरिक तक्रारी कमी झाल्या आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते आठवड्याला सुमारे दीड तास जास्त व्यायाम करत असल्याचे त्यांनी नोंदवले.

त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सुमारे दोन आठवडे रोज लिहिले. तेव्हा मनःस्थिती सुधारली, पण शारीरिक तक्रारींत फरक दिसला नाही. तिसरा प्रयोग स्नायू व मज्जासंस्थेच्या आजाराने त्रस्त असलेल्या ६५ प्रौढांवर झाला. तीन आठवडे रोज कृतज्ञता लिहिणारे, न लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ झोपले आणि सकाळी अधिक ताजेतवाने उठले. त्यांचा आजार बरा झाला नाही, आजारासह जगणे मात्र थोडे सुसह्य झाले.

हे घडते कसे?

आपले मन सवयीला फार लवकर बळी पडते. नळाला रोज पाणी येते तेव्हा आपण त्याकडे पाहतही नाही. एक दिवस आले नाही की दिवसभर तोच विषय! धोका आणि उणीव लवकर टिपणे हे जीव वाचवण्यासाठी उपयोगीच होते. पण त्यामुळे सुरळीत चाललेल्या गोष्टी लक्षातून निसटतात. कृतज्ञतेची नोंद ठेवणे म्हणजे निसटलेले लक्ष मुद्दाम परत आणणे होय.

याचा शरीराशी संबंध काय? चिंतेत असताना शरीरात ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि हृदयाचे ठोके जलद होतात. संकट टळल्यावर हे सारे पूर्ववत व्हायला हवे. परंतु अंथरुणावर पडूनही दिवसभराचे अपमान व उद्याच्या काळज्या मनात घोळत राहिल्या, तर शरीराला उसंत मिळत नाही आणि झोप उडते. ब्रिटनमध्ये ४०१ व्यक्तींच्या एका पाहणीत (२००९) कृतज्ञ वृत्ती आणि चांगली झोप यांचा संबंध दिसला. झोपण्यापूर्वी मनात कोणते विचार येतात, यावरून तो बऱ्याच अंशी उलगडला.

२०२४ साली अमेरिकेतील ४९ हजारांहून अधिक वयस्कर परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७९ होते. आधीची प्रकृती, आर्थिक स्थिती इत्यादी घटक हिशेबात घेतल्यावरही, सर्वाधिक कृतज्ञ गटात मृत्यूचा धोका सर्वांत कमी कृतज्ञ गटापेक्षा सुमारे ९ टक्के कमी आढळला. पण ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. 'आधी काय, नंतर काय' हा प्रश्न येथेही उरतोच.

मर्यादा

२०२१ साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम झाला, पण तो अल्प होता. म्हणून नैराश्याने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला वही देऊन 'चांगले ते लिही' असे सांगणे पुरेसे नाही. त्याला डॉक्टरांची व समुपदेशकाची गरज आहे.

दुसरी मर्यादा आपली भाषाच दाखवते. 'कृतज्ञता' आणि 'उपकाराचे ओझे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग मराठीत आहेत, आणि अनुभवही वेगळेच आहेत. कृतज्ञता मनातून उमलते. ओझे दुसरा आपल्यावर लादतो. शाळेतले मध्यान्ह भोजन हा मुलाचा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. त्याबद्दल त्याला हात जोडायला लावणे म्हणजे कृतज्ञता शिकवणे नव्हे, मिंधेपणा शिकवणे होय. गळक्या वर्गात बसणाऱ्या मुलाने छपराबद्दल तक्रार करावी आणि गळणाऱ्या जागेखालून बाक ओढून घेणाऱ्या मित्राचे आभारही मानावेत. या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात.

वर्गात काय करता येईल?

२००८ साली अमेरिकेतील सहावी-सातवीच्या २२१ मुलांवर असाच प्रयोग झाला. दोन आठवडे रोज कृतज्ञता लिहिणाऱ्या वर्गांतील मुलांना शाळेविषयी अधिक समाधान वाटू लागले आणि ते तीन आठवड्यांनंतरही टिकून होते.

आपल्यालाही हे सहज करता येईल. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे पुरेत. रोजचा नेम केल्यास त्याचाही पाढा होतो. 'आईवडील' असे मोघम न लिहिता 'ताप आला तेव्हा ताईने माझी भूगोलाची वही पूर्ण केली' असे नेमके लिहू द्यावे. गुण देऊ नयेत, सक्ती करू नये आणि मुलांच्या संमतीशिवाय काहीही मोठ्याने वाचू नये. एखाद्याला त्या दिवशी काहीच सुचले नाही, तर कोरे पानही चालेल.

आणखी एक गोष्ट. घरच्या माणसांचे आभार मानले तर ते परकेपणाचे वाटेल, अशी आपली समजूत असते. अमित कुमार व निकोलस एप्ली यांनी २०१८ साली याच संकोचाची परीक्षा केली. कृतज्ञतेचे पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होते, त्यापेक्षा पत्र मिळालेल्यांना कमी अवघडल्यासारखे झाले आणि आनंद जास्त झाला. शब्द नीट सुचत नाहीत ही काळजी लिहिणाऱ्यालाच असते. वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा पोचतो.

तेव्हा पुढच्या समारंभात आभारप्रदर्शन करणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावे, की 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' हे ठरावीक वाक्य गाळ. सतरंज्या कोणी घातल्या, पिंपात पाणी कोणी भरले, हे आधी विचारून ये आणि त्यांची नावे घे. मागच्या रांगेतली मुलेही मग कदाचित क्षणभर थांबतील.