सवय कोणाची बदलायची?

बुंदेलखंडाच्या ग्रामीण भागासाठीच्या नळपाणी योजनेची पायाभरणी १५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाशीत झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जलजीवन मिशनची घोषणा झाली. या दोन घटनांच्या मध्ये, जुलैत संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालात एक निराळा मुद्दा होता. माणूस नेहमी नफातोटा मोजून वागत नाही. तो सवयीने, शेजाऱ्याकडे पाहून, सोपा दिसेल तो पर्याय धरून वागतो. धोरणे हे ओळखून आखावीत आणि त्यासाठी नीती आयोगात स्वतंत्र कक्ष असावा, असे अहवालाने सुचवले. नळ आणि वर्तनशास्त्र यांची सांगड घातली गेली नाही, तर पैसा खर्चूनही तहान शिल्लक राहील, असे मला वाटते.

रिचर्ड थेलर आणि कास सनस्टीन यांच्या २००८ मधील ‘नज’ या पुस्तकाने ही विचारधारा लोकप्रिय केली. सक्ती न करता योग्य निवड सोपी करून ठेवणे, हे तिचे सार. ब्रिटनने २०१० मध्ये त्यासाठी सरकारी पथक नेमले. आपल्याकडे २०१५ च्या ‘गिव्ह इट अप’ आवाहनानंतर एक कोटीहून अधिक ग्राहकांनी गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडले. पण दुसरी बाजूही आहे. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या ग्रामीण भागात २०१४ मध्ये झालेल्या पाहणीत, वापरण्याजोगे शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांतील किमान एक व्यक्ती उघड्यावरच जात असल्याचे आढळले. वस्तू दिली की वापर सुरू होतो, हे गृहीतक तिथे कोसळले.

पाण्याचेही तसेच आहे. झाशीच्या खडकाळ भूभागात पावसाचे पाणी फारसे मुरत नाही; त्यामुळे टंचाईची धास्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पाणी कधी येईल याची खात्री नसते, तिथे धार पडल्याचा आवाज कानी यावा म्हणून तोटी उघडी ठेवली जाते, घरातले प्रत्येक भांडे भरले जाते आणि ताजे पाणी आले की कालचे ओतून दिले जाते. सरकारी भाषेत ही बेपर्वाई ठरते. माझ्या मते अनिश्चिततेला दिलेले ते शहाणपणाचे उत्तर आहे. भिंतीवर ‘पाणी वाचवा’ लिहून ते बदलत नाही. ठरल्या वेळी पाणी आले, तर त्या उत्तराची गरजच उरत नाही.

बंगळुरूत पाणी येण्याची वेळ एसएमएसने कळवण्याचा प्रयोग झाला होता. त्याचा अपेक्षित लाभ दिसला नाही. व्हॉल्व्ह फिरवणारे कर्मचारी वेळेची नोंद नेमाने करत नव्हते आणि संदेश अनेकदा पाण्याची वाट पाहणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचतच नव्हता. सवय नागरिकाला असते, तशी यंत्रणेलाही असते. आपण पहिलीचा अभ्यास करतो, दुसरीकडे काणाडोळा करतो.

झाशीतच याला उत्तर आहे. तिथल्या बचत गटांतील स्त्रिया ‘जलसहेली’ झाल्या आणि वाळूने भरलेल्या पोत्यांचा बंधारा घालून त्यांनी घुरारी नदीत पाणी अडवले. सप्टेंबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख झाला. त्यांना कोणी पाण्याचे महत्त्व पटवण्याची गरज नव्हती. ज्यांच्या डोक्यावर हंडा होता, त्यांच्या हाती निर्णय आला, एवढेच.

जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचना कागदावर हेच सांगतात: गावच्या पाणी समितीत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात, प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाण्याच्या तपासणीचे प्रशिक्षण द्यावे. मात्र समितीची बैठक त्यांच्या कामाच्या घाईच्या वेळी ठेवली, तर हे आरक्षण नावापुरते उरते. बैठकीची वेळ त्यांच्या सोयीने ठरवणे, पाण्याची वेळ ग्रामपंचायतीबाहेर लिहिणे आणि ती चुकल्यास कारणही तिथेच लिहिणे, तपासणीचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवणे, पाणीपट्टीच्या पावतीवर तो पैसा कुठे खर्च झाला ते नमूद करणे, या गोष्टींना फारसा निधी लागत नाही.

मिशनची मुदत २०२५ च्या अर्थसंकल्पाने २०२८ पर्यंत वाढवली आणि देखभाल-दुरुस्तीवर भर दिला. या अवधीत नव्या जोडण्यांइतकेच वेळेवर सुटलेल्या पाण्याचेही दिवस मोजले जावेत. नागरिकाला हलकासा धक्का देण्याचा अधिकार सरकारला जरूर आहे. पण आधी त्याने दिलेली वेळ पाळावी.